पूर्वेकडची ओळ

टोमॅटोचं बूड काळं पडणं हा रोग नव्हे, एवढी एक गोष्ट आमच्या सोसायटीतल्या लोकांना पटवून देताना माझ्या नाकी नऊ आले होते. बुरशी नाही, कीड नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. झाडाच्या स्वतःच्या कारभारात काहीतरी बिघडतं आणि ते फळावर दिसतं, इतकंच. पण लोकांना फवारायला काहीतरी हवं असतं. बी विंगमधल्या एका काकूंनी अंड्याची टरफलं सुचवली, तर पहिल्या मजल्यावरच्या शाकाहारी कुटुंबाने महिनाभर आमच्या भाजीला हात लावला नाही. एकाने पानाचा चुना आणून दिला. ताक तर काय, प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये उरलेलं असतंच.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेची, सात मजल्यांची. गच्चीवर लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर प्लॅस्टिकचं छत आणि चारी बाजूंना गुंडाळून वर करता येणारे पडदे, असं आमचं हरितगृह. त्यात पाच ओळींत मोठ्या पिशव्या, पिशव्यांत माती, शेणखत आणि नारळाचा भुसा. टोमॅटो, ढोबळी मिरची आणि एका कोपऱ्यात काकडी. उतरलेली भाजी एकेका विंगला आळीपाळीने. हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं होतं. एकतीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून वजन वाढवण्यापेक्षा संरक्षित शेतीचा एक छोटा कोर्स केला. सोसायटीत माझ्याइतकं या विषयातलं कुणालाच कळत नव्हतं आणि हे मी त्यांना विसरू देत नसे.

दिवाळीनंतर लावलेल्या टोमॅटोला पहिली फळं धरली तेव्हाच बुडाशी पाणचट डाग दिसायला लागले होते. आठवड्यात ते डाग काळे, चपटे, चामड्यासारखे झाले. काही फळं देठाजवळ तडकली. नवरा म्हणाला, "बाजारातून आणू या ना, डोकं कशाला लावतेस एवढं?"

या डागाचं कारण म्हणजे फळाला कॅल्शियम न पोचणं. पण बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं, पानं जास्त पाणी ओढतात आणि फळाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. पाणी एक दिवस भरमसाट आणि दुसऱ्या दिवशी कमी असं झालं की त्या उरल्यासुरल्याचाही पत्ता राहत नाही, फळाचं टोक आतून मरतं. तडकण्याचंही तेच, कोरड्या झाडाला एकदम पाणी मिळालं की साल पुरी पडत नाही. आणि हे सगळं दिसतं उशिरा. आज दिसणारा डाग दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या पाण्याचा असतो. मला हे शास्त्र आवडायचं, कारण कारखान्यातही असंच असे. गोळी आज फुटते, चूक मागच्या महिन्यातली असते.

तेव्हा प्रश्न पाण्याचा होता आणि पाणी घालायचे माळीकाका.

ते आमच्याकडे अठरा वर्षं होते. मूळचे सावंतवाडीकडचे. वडील गिरणीत होते, ते स्वतः गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते करत करत बागकामात आले. मुलगा, सून आणि नातवंडांबरोबर वाकोल्याला राहायचे आणि पहाटेच निघून साडेसहाच्या आत आमच्या गेटवर हजर असायचे. खालची बाग, कुंड्या आणि तीन वर्षांपासून गच्ची. बोलायचे कमी. हरितगृह झाल्यावर मी त्यांना पाण्याची बाटली कापून एक माप करून दिलं होतं आणि प्रत्येक पिशवीला सकाळी किती मापं, दुपारी किती, ते दारावर लिहून लावलं होतं. ते वाचून त्यांनी फक्त मान डोलावली होती.

जानेवारीतल्या एका सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर, साडेसातच्या सुमाराला वर गेले. माळीकाका पाणी घालत होते. पहिली ओळ झाली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी ओळ, म्हणजे पूर्वेकडच्या पडद्यालगतची, त्यांनी नुसती बघितली. दोन पिशव्यांत बोट घालून पाहिलं, एका पिशवीत अर्धं माप टाकलं आणि माप बादलीत ठेवून ते हात पुसायला लागले.

"काका, ही ओळ राहिली," मी म्हटलं.

"नाय मॅडम, ह्या ओळीक माप चलना नाय."

"चालत नाही म्हणजे?"

त्यांनी बोटाला चिकटलेला भुसा झटकला. मग म्हणाले, "ही ओळ बघून घालूक व्हयी."

मला राग आला. मी आखून दिलेलं माप बाजूला ठेवून हा माणूस बोट घालून शेती करणार. मी तिथेच त्यांना सुनावलं, की अंदाजपंचे काम चाललं म्हणूनच फळं काळी पडतायत. ते ऐकून घेत होते. मी खाली येऊन चहा घेण्याआधीच अहवाल लिहायला बसले.

कारखान्यात आमचा एक ठरलेला नमुना असायचा. दोष काय, मूळ कारण काय, जबाबदार कोण, पुढची कारवाई काय. हात त्या वळणाला बसलेला. मी लिहिलं: फळांचं बूड सडणं व तडकणं, कारण, पाणी देण्यातली अनियमितता, प्रत्यक्ष पाहिलेली, जबाबदार, माळी. ते लिहिताना मला बरं वाटलं होतं हे कबूल करते. महिनाभर गावभरचे लोक ताक आणि चुना सुचवत होते, त्यांच्या तोंडावर मी एक स्वच्छ कारण ठेवत होते.

रविवारी कमिटीची मीटिंग झाली, इतर रहिवासीही आले होते. मी माझ्या शिस्तीने सगळ्यांना आधी विचारलं, "माळीकाकांशिवाय गच्चीवर पिशव्यांना अजून कुणी पाणी घालतं का? स्पष्ट सांगा." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीच घालत नव्हतं. माझा नवरा पहिल्या रांगेत बसला होता, त्यानेही मान हलवली. माळीकाका दाराशी उभे होते. त्यांना विचारलं, तुम्ही पाचवी ओळ सोडता हे खरं का? ते म्हणाले, "खरा आसा." झालं. सेक्रेटरींना एरवीही बाग आणि साफसफाई एकाच कंत्राटदाराला द्यायची घाई होती, त्यांना माझा कागद आयताच मिळाला. महिनाअखेर काकांचं काम थांबलं. हरितगृहाच्या दाराची किल्ली त्यांनी माझ्या हातात आणून दिली आणि म्हणाले, "मधल्या ओळीतली मिरची आता काढूक हरकत नाय."

त्यानंतर पाणी मी घालायला लागले. सकाळी आठला घरचं आवरून आणि पुन्हा दुपारी, तेच माप घेऊन, प्रत्येक पिशवीला सारखं. कागदावर रोज टिकमार्क. माझी खात्री होती की तीन आठवड्यांत स्वच्छ फळ येईल.

तीन आठवड्यांत जास्त काळं फळ आलं. टोपलीतला दर चौथा टोमॅटो फेकण्याजोगा. तडकलेले तर इतके, की बाजूच्या विंगमधली एक मैत्रीण म्हणाली, "तुझ्या टोमॅटोंची पार वाट लागली गं." मी कॅल्शियमची फवारणी करून पाहिली, सावलीची जाळी लावली, खत कमी केलं. टोपली तशीच. तेव्हा कुठे मला सुचलं, की फळं कोणत्या पिशवीची आहेत हे मी कधी लिहिलंच नव्हतं. कारखान्यात बॅच नंबर न लिहिता कुणी नमुना आणला असता तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं. इथे मी दोन महिने सगळ्या ओळींचं फळ एकाच टोपलीत टाकून त्यावरून निष्कर्ष काढत होते.

पिशव्यांना नंबर टाकले. आठवडाभर एकेक फळ नंबराप्रमाणे वेगळं ठेवलं. पहिल्या चार ओळींत दोष नावाला. जवळजवळ सगळं काळं फळ पूर्वेकडच्या ओळीचं.

त्या ओळीशी मी गुडघे टेकून बसले. पिशव्यांतला भुसा वरपर्यंत भिजून थबथबला होता, आणि माझं पाणी तर अजून घालायचं होतं. भुशावर काहीतरी पांढरं दिसलं. तांदळाचे दाणे. हळदकुंकू लागलेले. दुसऱ्या पिशवीत जास्वंदीची पाकळी, तिसरीत पुन्हा तांदूळ, एकात मोड आलेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सूर्योदयाच्या आधी गच्चीवर गेले आणि टाकीच्या बाजूला उभी राहिले. एकेक जण यायला लागले. फिरायला येणारे, योगा करणारे. उजाडल्यावर एकेकाने कोपऱ्यात ठेवलेला आपापला तांब्या उचलला, भरला, पूर्वेकडे तोंड केलं, तांब्या कपाळापर्यंत उचलला आणि डोळे मिटून सूर्याला पाणी सोडलं. आमच्या फ्लॅटांच्या खिडक्या निम्म्याहून जास्त पश्चिमेला, उरलेल्यांसमोर दुसरी बिल्डिंग. सूर्य दिसतो तो गच्चीवरूनच. आणि अर्घ्याचं पाणी पायाखाली येऊ देत नाहीत, ते झाडाच्या मुळाशी जावं लागतं. म्हणून पडदा वर करून प्रत्येक जण पूर्वेकडच्या ओळीतल्या एखाद्या पिशवीसमोर उभा राहत होता. त्या रविवारी मी चौदा तांबे मोजले. आठव्या तांब्याला माझा नवरा होता.

बायपासनंतर डॉक्टरांनी त्याला सकाळचं ऊन घ्यायला सांगितलं होतं. त्या उन्हाबरोबर हेही सुरू झालं होतं, मला पत्ता नव्हता. मी सकाळी डबे आणि सासूबाईंची औषधं यात असायची. तो फिरून यायचा, मी चहा द्यायची, यापलीकडे आमचं सकाळचं बोलणं नव्हतं.

तो माझ्याजवळ आला तेव्हा मी विचारलं, "मीटिंगमध्ये मान का हलवलीस? मी सरळ विचारलं होतं ना, कुणी पाणी घालतं का?"

"अगं, मी कुठे पाणी घालतो?" तो खरंच गोंधळला होता. "हे अर्घ्य आहे."

मी इतरांनाही विचारलं. एका काकांनी तर कानाला हात लावला. "छे छे, झाडांना आम्ही हातसुद्धा लावत नाही. आम्ही फक्त सूर्याला घालतो." खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्यांच्या लेखी ते पाणी वर गेलेलं होतं. ते खाली कुठल्या तरी टोमॅटोच्या मुळाशी उतरतं, हा हिशेब कुणाच्या मनातच आला नव्हता. रोज तीन-चार जण, रविवारी चौदा-पंधरा, सणाला त्याहून जास्त, सुट्टीत सगळे गावाला गेले की एकही नाही. पाणी अनियमित कसं करावं याची याहून चोख व्यवस्था मलाही आखता आली नसती.

तिथे उभी असतानाच मला माळीकाकांचं ते बोट आठवलं. ते साडेसहाला यायचे. सगळे तांबे रिकामे होईपर्यंत खालच्या बागेत थांबायचे, मग वर येऊन पाचव्या ओळीतल्या पिशव्या चाचपून जिथे ओल होती तिथलं आपलं पाणी तोडायचे. तांदूळ आणि फुलं वेचून काढायचे. म्हणून ते असेपर्यंत मला एक दाणाही दिसला नव्हता. ते होते तोवर त्या ओळीतलं निम्मं फळ तरी वाचत होतं. मी आले आणि काटेकोरपणे, न चुकता, चौदा तांब्यांवर आणखी दोन मापं घालत राहिले. फळ मी बिघडवलं होतं, आणि ज्याने सावरलं होतं त्याला मी काढून टाकलं होतं.

मला लाज वाटली. पुढचे दोन दिवस मी नवऱ्याशी नीट बोलले नाही, ते मात्र अन्यायाचं होतं.

उपाय सोपा निघाला. पडद्याबाहेर दोन मोठ्या कुंड्यांत जास्वंद आणि तुळस लावली, अर्घ्य तिथे. कुणीच कुरकुर केली नाही. एक जण म्हणाले, "आधी सांगायचं ना." पाचवी ओळ यथावकाश सुधारली. मी कमिटीला दुसरा अहवाल दिला. सेक्रेटरींनी तो वाचला, "झालं ते झालं" म्हणाले, आणि माझ्या आग्रहावरून गच्चीपुरतं काकांना परत बोलवायला तयार झाले. मी सोसायटीच्या लेटरहेडवर एक पत्र टाइप केलं, सही-शिक्का घेतला आणि रिक्षाने वाकोल्याला गेले.

त्यांच्या सुनेने सांगितलं, ते जवळच्याच एका इमारतीच्या गेटवर वॉचमन आहेत. तिथे गेले. निळा शर्ट, तो त्यांना खांद्यांत मोठा होत होता. बारा तास उभं राहायचं काम आणि गुडघे दुखतात हे मला अठरा वर्षं माहीत होतं. खुर्ची होती, ती त्यांनी मला दिली.

मी सगळं सांगितलं. त्यांना नवीन काहीच नव्हतं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. "मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं होतं."

"सगळे थंयच बसलेले, मॅडम. सायबसुद्धा. तेंचा ऑपरेशन झाला तेव्हापासून ते पाणी घालतत. देवाचा पाणी. तेंका नको कसा म्हणू?"

"मला एकटीला तरी सांगायचं."

"सांगलंय. ह्या ओळीक माप चलना नाय म्हणून सांगलंय. तुम्ही पुढे इचारूक नाय."

मी विचारलं नव्हतं, सुनावलं होतं. मी विषय बदलून त्यांना कामावर परत यायला सांगितलं.

"परत नको. उद्या अजून काय तरी होतला, मी परत गप रवतलंय, आणि परत माझाच नाव येतला." मग म्हणाले, "फक्त एक चिठ्ठी द्या. बागकाम मागूक जातंय थंय इचारतत, आधी खंय होतास. मग तुमच्या सोसायटीत फोन करतत. आणि तुमचे सेक्रेटरी तुमचो कागद वाचून दाखवतत. तीन जाग्यांवर तसाच झाला."

माझा कागद इतक्या लांब फिरत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी पर्समधून पत्र काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचलं. अठरा वर्षं प्रामाणिक सेवा, कामात निष्णात, मधल्या काळात गैरसमज झाल्यामुळे काम थांबवण्यात आले होते. मी ते फार विचार करून लिहिलं होतं.

बोट 'गैरसमज'वर थांबलं. "ह्यो कोणाचो?"

"आमचा. सोसायटीचा."

"सोसायटी खंय इली पाणी बघूक?" ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही इलात."

मी पेन काढलं. गेटवरच्या टेबलावर कागद ठेवून सेक्रेटरींच्या शिक्क्याखाली हाताने लिहिलं: पाणी देण्यात यांची काही चूक नव्हती. मी नीट चौकशी न करता चुकीचा अहवाल दिला. खाली नाव आणि सही. एकतीस वर्षांत 'जबाबदार' या रकान्यात मी स्वतःचं नाव लिहिण्याची ती पहिलीच वेळ.

त्यांनी तेही वाचलं, शेवटपर्यंत. कागदाची घडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

"आता त्या तीन ठिकाणी परत जाऊन या," मी म्हटलं. "हवं तर मी येते बरोबर."

"थंय आता दुसरी माणसां लागली, मॅडम," ते म्हणाले, आणि बाहेर गाडी आली म्हणून गेट उघडायला गेले.